चोर कोणाला म्हणावे?

वाचनाचा शास्त्रभाग : यहेज्केल, अध्याय १८; लूक, अध्याय १९, ओव्या १ ते १०.



रात्री कोणाच्या गोठ्यातली शेळी नाहीशी झाली, किंवा शेतातल्या विहिरीवरील पंपाची तार कोणी कापून नेली, म्हणजे सकाळी गावात चार माणसे जमतात. अजून पावलांचा माग कोणी पाहिलेला नसतो, साक्षीदार विचारलेला नसतो. तरी तेवढ्यात कोणीतरी गावाबाहेरच्या पारध्यांच्या बेड्याचे नाव घेतो आणि बाकीचे माना डोलावतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही अन्याय आहे असे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. आणि मान डोलावणाऱ्यांमध्ये रविवारी उपासनेस बसणारा मनुष्यही असू शकतो. म्हणून चोर कोणाला म्हणावे, त्याला शासन कसे व्हावे, आणि चोरी सोडू पाहणाऱ्याशी ख्रिस्ती मंडळीने कसे वागावे, ह्या तीन गोष्टींचा विचार आज शास्त्राच्या आधारे करू.

पहिली गोष्ट : दोष कृत्याचा असतो, जन्माचा नसतो.

यहेज्केल संदेष्टा बाबेलच्या बंदिवासातील लोकांमध्ये राहत होता. त्या लोकांच्या तोंडी एक म्हण होती. तिचा भाव असा की आंबट द्राक्षे वडिलांनी खाल्ली आणि दात मात्र लेकरांचे आंबले. देवाने संदेष्ट्याच्या मुखाने ती म्हण मोडीत काढली. अठराव्या अध्यायात तीन पिढ्यांचे चित्र आहे, ते लक्ष देऊन वाचा. आजा नीतिमान, त्याचा मुलगा लुटारू व घातकी, आणि नातू असा की बापाची पापे डोळ्यांनी पाहूनही त्याने त्यांतले एकही केले नाही. देव म्हणतो, ह्या तिघांचा हिशेब तीन वेगळ्या पानांवर मांडला जाईल. नातवाच्या पानावर बापाचे पाप चढणार नाही, आणि बापाला आजाचे पुण्य उसने मिळणार नाही.

हे वचन हातात घेऊन आपल्या देशाचा इतिहास पाहा. इ. स. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची सोय झाली, आणि १९२४ साली त्याला पुन्हा नवे रूप देण्यात आले. त्यात सरकारने एखादी संपूर्ण जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावी, तिच्यातील माणसांची नावे पुस्तकात नोंदवावी, त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावयास लावावे, परवान्यावाचून गाव सोडू देऊ नये, आणि मुलांना आईबापांपासून काढून वेगळे ठेवावे, अशी तरतूद होती. पारधी, कैकाडी इत्यादी जमाती निरनिराळ्या प्रांतांत ह्या यादीत आल्या. म्हणजे त्या घरी जन्मलेल्या बाळाने अजून डोळेही उघडले नाहीत, तोच सरकारदरबारी त्याच्या कपाळी गुन्हेगार हा शिक्का बसे. यहेज्केलाने जे पान फाडले होते ते ह्या कायद्याने पुन्हा चिकटवले.

ह्या कामात मिशनांचाही हात लागला, हे आपण लपवू नये. १९०८ पासून मुक्तिफौजेने उत्तरेत अशा जमातींच्या वसाहती चालवल्या. सोलापूर येथील वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनने पाहिला. तेथे मुलांना अक्षरे आणि मोठ्यांना धंदा शिकवला गेला, व त्यात कित्येकांचा हेतू दयेचा होता. तथापि ज्या कुंपणाच्या आत ती शाळा भरे, ते कुंपण न्यायाचे नव्हते. दया केल्याने अन्यायाचा न्याय होत नाही, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

त्याच काळी युरोपातील काही विद्वानही ह्याच वाटेने गेले. इटली देशातील लोंब्रोझो नावाच्या वैद्याने १८७६ साली ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की कित्येक मनुष्ये जन्मतःच गुन्हेगार असतात, आणि त्यांच्या कवटीच्या व जबड्याच्या ठेवणीवरून ती ओळखता येतात. पुढे इंग्लंडातील गोरिंग नावाच्या तुरुंगाच्या डॉक्टराने सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे घेऊन ती इतर माणसांच्या मोजमापांशी ताडून पाहिली आणि १९१३ साली जाहीर केले की गुन्हेगाराचे असे निराळे शरीर कोठे आढळत नाही. अशा रीतीने अपराधशास्त्र ज्या ठिकाणी फेरा घालून पोचले, त्या ठिकाणी संदेष्टा अडीच हजार वर्षांपूर्वीच उभा होता.

स्वराज्य आल्यावर अय्यंगार समितीने ह्या कायद्याची चौकशी केली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. तेव्हापासून त्या जमातींस विमुक्त म्हणतात. परंतु कायद्याचे पुस्तक मिटले तरी गावाच्या मनातले पुस्तक मिटले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयास निकाल देऊन सांगावे लागले की तुरुंगांच्या नियमांत जातीवरून कामे वाटून देऊ नयेत, विमुक्त जमातींस जन्मजात सराईत गुन्हेगार समजू नये, आणि पोलिसांनी त्यांना मनास येईल तसे धरू नये. बहात्तर वर्षांनंतर हे सांगावे लागते, ह्यावरून तो शिक्का किती खोल गेला आहे ते समजावे.

ह्या शिक्क्याने काय होते, त्याची आपल्याच राज्यातली एक गोष्ट ऐका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे आली होती. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी आवई तेव्हा सर्वत्र पसरली होती. जमावाने त्यांना धरले, कोंडले आणि मारून मारून ठार केले. त्यांनी कोणाचे मूल पळवले नव्हते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण थट्टेने वापरतो. राईनपाड्यास ती अक्षरशः खरी झाली.

आता दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेस भररस्त्यात पेटवून देण्यात आले, आणि आठवडाभर वेदना सोसून ती मरण पावली. ज्याने हे केले त्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने जन्मठेप दिली. त्याच्या जातीच्या सर्व घरांची नावे पोलिसांच्या पुस्तकात लिहावी, असे कोणी म्हटले नाही; आणि म्हटले नाही हेच योग्य झाले. एका मनुष्याने दुष्कृत्य केले, त्या एका मनुष्यास शासन झाले. आमचे म्हणणे एवढेच आहे की जे माप गावात राहणाऱ्यास, तेच माप गावाबाहेर राहणाऱ्यास लावावे. खोटी वजने व खोटी मापे देवास ओंगळ वाटतात, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. ती केवळ दुकानातल्या तराजूविषयी सांगितली आहेत असे समजू नका.

कोणी म्हणेल, “उपदेशकबुवा, बेड्यावरच्या माणसांनी कधी चोरी केलीच नाही काय? तेथे दारूच्या भट्ट्या लागत नाहीत काय?” हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तरही खरे दिले पाहिजे. होय, चोरी झाली आहे. आणि गांधीजींच्या वास्तव्यामुळे जो जिल्हा दारूबंदीचा म्हणून ओळखला जातो, त्यातच पोलीस बेड्यांवर जाऊन मोहाचा सडवा ओततात आणि पिंपे फोडतात. परंतु त्याचे कारण रक्तात शोधू नका, पोटात शोधा. फासेपारधी फासे लावून तित्तर, लावे, ससे धरीत. टाकणकर पारधी घरोघरची जाती टाकून देत. रान सरकारी झाले, १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा ठरला, पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात पडले. हातचा धंदा गेला, सातबाऱ्यावर नाव नाही, जन्माची नोंद नाही, म्हणून जातीचा दाखला नाही, आणि मजुरीस गेले तर शेतकरी म्हणतो, “पारधी नको.” अशा मनुष्यास भट्टीवाला तेवढा जवळ करतो.

ह्यावर अमेरिकेतील टॅनेनबॉम नावाच्या पंडिताने १९३८ साली जे लिहिले त्याचा सारांश असा : एखाद्या पोराच्या एका खोडीवरून सर्वांनी त्यालाच वाईट ठरवले, वेगळे बसवले, पुनःपुन्हा तेच नाव दिले, की शेवटी ते पोर त्या नावाप्रमाणे होते. शाळेत पेन्सिल हरवली की ज्या मुलाचे दप्तर प्रथम उलटे केले जाते, आणि ज्याच्या पाठीमागे, “पारध्याचं पोट्टं, चोरच निघन,” असे म्हटले जाते, ते मूल शाळा सोडून कोठे जाईल? जो त्याला आपला म्हणेल त्याच्याकडे. मग दहा वर्षांनी आपण म्हणतो, “पाहा, आम्ही सांगितलेच होते.”

ह्याने गुन्ह्याचे समर्थन होत नाही. ज्या अध्यायात देव बापाचे पाप मुलावर लादत नाही, त्याच अध्यायात तो मुलाचे पाप मुलाकडून मागतो. गरिबी हे कारण असेल, पण ती माफी नव्हे. ज्याची शेळी गेली ती विधवाही गरीबच असते. म्हणून पुढची गोष्ट पाहू.

दुसरी गोष्ट : खऱ्या चोराने भरपाई केली पाहिजे, मग तो कितीही प्रतिष्ठित असो.

यरीहो गावातला जक्कय हा चोर होता. पण तो बेड्यावर राहत नव्हता. तो जकातदारांचा मुख्य होता, श्रीमंत होता, त्याच्या हाती रोमी सरकारचा अधिकार होता. त्याने रात्री कोणाचे घर फोडले नाही. दिवसाढवळ्या हिशेबात चार आकडे अधिक लिहिले. अमेरिकेतील सदरलंड नावाच्या अपराधशास्त्राच्या पंडिताने १९३९ साली आपल्या सोबत्यांना विचारले, आपण केवळ गरिबांचेच गुन्हे का मोजतो? स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसून जी लूट होते ती गुन्हा नव्हे काय? त्याने विचारलेला प्रश्न जक्कयाच्या गोष्टीत आधीच आहे.

आपल्या कापसाच्या मुलुखात ही लूट कोणाला ठाऊक नाही? यहेज्केलाने दुष्टाची जी लक्षणे सांगितली त्यांत लुबाडण्याबरोबरच गहाण वस्तू परत न करणे आणि वाढीदिढीने व्याज घेणे हीही आहेत. परवान्यावाचून सावकारी करून, कर्जाच्या बदल्यात शेताचे खरेदीखत लिहून घेऊन, ते शेत गिळणारा मनुष्य पंक्तीत पहिल्या पाटावर बसतो. पसाभर तूर उचलणाऱ्याला मात्र झाडाला बांधतात. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४, ह्याने असे बळकावलेले शेत परत मिळवण्याचा मार्ग ठेवला आहे. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. आमच्या उपदेशकांनी हे आपल्या मंडळीतील शेतकऱ्यांना समजावून सांगावे. हाही न्यायाचाच उपदेश आहे.

आणखी एक चोर आहे, त्याचे नाव घेताना आपल्याला संकोच होतो. तो म्हणजे चोरीचा माल स्वस्त म्हणून घेणारा. अर्ध्या किमतीत मिळालेली तार कोठून आली हे ज्याला ठाऊक आहे व जो विचारीत नाही, तो चोराचा भागीदार आहे. सरकारी कायदाही त्यास गुन्हेगार धरतो. आणि भट्टी कोण चालवतो असे विचारताना, संध्याकाळी तेथे कोण जातो हेही विचारावे. पिणारा गावातून जातो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय प्रभूच्या दरबारी चालत नाही.

जक्कयाने काय केले? आपली अर्धी मालमत्ता गरिबांस दिली, आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात मेंढरू चोरून कापणाऱ्यास चौपटीचा दंड सांगितला आहे; जक्कयाने मेंढरू चोरणाऱ्याचे माप स्वतःहून आपल्यास लावून घेतले. मोशेच्या ह्या नियमाकडे नीट पाहा. त्यात चोराचा हात तोडलेला नाही, त्याच्या मुलाबाळांना बांधलेले नाही. ज्याचे गेले त्याला ते अधिक करून मिळाले आहे. शिक्षेचा हेतू नुकसान भरून यावे व मनुष्य सुधारावा हा असला पाहिजे. १७६४ साली इटलीतील बेक्कारिया ह्याने लिहिले होते की शिक्षा क्रूर असण्यापेक्षा ती निश्चित असणे अधिक परिणामकारक असते. आपल्या देशातही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू पहिल्यानेच चोरून ती परत करणाऱ्यास तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. तुरुंगात जाऊन थोर चोरांचा चेला होण्यापेक्षा गावाची सेवा करून गावात राहणे बरे, हे कायद्यानेही मान्य केले.

तिसरी गोष्ट : परत येणाऱ्याला दार उघडे असावे.

जक्कयाची गोष्ट वाचताना क्रम विसरू नका. प्रभू येशूने उंबराच्या झाडाखाली उभे राहून त्याला आधी पैसे परत कर असे म्हटले नाही. त्याने वर पाहिले, त्याला नावाने हाक मारली, आणि आज तुझ्याच घरी मुक्काम करणार असे कळवले. सारे गाव त्याला पापी म्हणून ओळखत होते. प्रभूने त्याला जक्कय म्हणून ओळखले. भरपाईची कबुली त्यानंतर आली. आणि शेवटी प्रभूने लोकांना ऐकू जाईल असे सांगितले की हाही अब्राहामाचाच पुत्र आहे. लोकांनी त्याच्यापासून जो वंश काढून घेतला होता तो प्रभूने त्याला परत दिला. लोक वंशाचे नाव घेतात ते बहुधा दूर लोटण्यासाठी. प्रभूने ते जवळ घेण्यासाठी घेतले.

ऑस्ट्रेलियातील ब्रेथवेट नावाच्या विद्वानाने १९८९ साली लज्जेचे दोन प्रकार वर्णिले. एका लज्जेने मनुष्यास कायमचे बाहेर टाकले जाते, आणि तो अधिकच बिघडतो. दुसऱ्या लज्जेने त्याच्या कृत्यास वाईट म्हटले जाते, पण त्याला आपला म्हणून घरात परत घेतले जाते, आणि तो सुधारण्याचा संभव वाढतो. शिस्त आणि क्षमा एकाच हाताने देणारी आई हे जाणते.

तर मग आपण काय करावे? उपदेशक बंधूंना आम्ही थोडक्यात सांगतो.

गावात चोरी झाली तर जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच बोला, आणि फिर्याद पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात नेण्यास सांगा. पुराव्यावाचून कोणाच्या जातीचे नाव तोंडातून जाऊ देऊ नका. जमाव कोणास मारू लागला तर मंडळीच्या माणसांनी मध्ये उभे राहावे. तेथे मुकाट्याने पाहत राहणारा निर्दोष नव्हे.

मंडळीतील कोणी चोरी केली असेल, चोरीचा माल घेतला असेल, किंवा वाढीदिढीने कोणास नाडले असेल, तर त्याला जक्कयाचा अध्याय वाचून दाखवा, आणि भरपाई केल्यावाचून केवळ प्रार्थनेने त्याचे समाधान करू नका. ज्याचे नुकसान झाले त्याच्या घरी प्रथम जा. गुन्हेगारावर दया करताना पीडिताला विसरणे ही दया नव्हे.

बेड्यावरील मुलांना शाळेत घालण्यास आईबापांस मदत करा. जन्माची नोंद, जातीचा दाखला, शिधापत्रिका ह्या कागदांसाठी त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत जा. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याने ज्याला येत नाही त्याचा अर्ज लिहावा, आणि त्याबद्दल त्याने आपल्या धर्मात यावे अशी अट घालू नये. शोमरोनी मनुष्याने जखमी मनुष्यास पट्ट्या बांधण्यापूर्वी त्याचा पंथ विचारला नव्हता.

आणि तुरुंगातून सुटून आलेल्या मनुष्यास काम द्या. इफिसकरांस लिहिताना पौलाने चोरी करणाऱ्यास केवळ चोरी सोड एवढेच सांगितले नाही. हातांनी श्रम कर, म्हणजे गरजवंताला द्यावयास तुझ्याजवळ काही राहील, असेही सांगितले. काल जो घेणारा हात होता तो उद्या देणारा व्हावा, हे त्याचे मागणे आहे. पण श्रम करावयास काम कोणी दिलेच नाही, तर तो हात काय करील? पौलाने पळून गेलेल्या अनेसिमास धन्याकडे परत पाठवताना त्याचे जे काही देणे असेल ते आपल्या नावावर मांडण्यास फिलेमोनाला लिहिले. तो जामीन राहिला. आपल्या मंडळीत कापूस वेचणीच्या दिवसांत आठ दिवस तरी अशा मनुष्यासाठी जामीन राहील असा कोणी आहे काय? ह्यात धोका आहे, हे आम्ही जाणतो. कदाचित तो फसवील. पण फसण्याच्या भयाने दार कधीच न उघडणाऱ्याच्या घरी तारणही येत नाही.

प्रियहो, यरीहोत त्या दिवशी दोन ठिकाणी माणसे होती. काही रस्त्यात उभी राहून कुरकुरत होती की हा पाप्याच्या घरी जेवावयास गेला. काही घरात प्रभूबरोबर जेवत होती. रस्त्यातली माणसे स्वतःस नीतिमान समजत होती, आणि ती उपाशी परत गेली. आपण वधस्तंभाखाली येणारे लोक आहोत. आणि त्या वधस्तंभाशेजारी एक लुटारू टांगलेला होता, ज्याला प्रभूने त्याच दिवशी आपल्याबरोबर नेले. त्याला आत घेणाऱ्या प्रभूचे आपण सेवक असू, तर गावाबाहेरच्या आपल्या बांधवाला आपण बाहेर कसे ठेवावे? प्रभू आपल्याला न्याय करण्यास बुद्धी आणि दार उघडण्यास धैर्य देवो. आमेन.